मदरबोर्ड गेला म्हणण्याआधी जांभळी तार तपासा

दिवाळीच्या सुटीत कार्यालयाचा मेन स्विच चार-पाच दिवस बंद राहतो. सुटी संपते, लोक येऊन बटण दाबतात आणि एखादा संगणक ढिम्म हलत नाही. पंखा नाही, दिवा नाही. ‘जाताना तर व्यवस्थित चालत होता!’ हे वाक्य ठरलेलं, आणि पाठोपाठ येणारं निदानही ठरलेलं: मदरबोर्ड गेला. लक्ष्मीपूजनाला यंत्र बंद ठेवलं म्हणून असं झालं, असंही कुणीतरी म्हणतोच. सुटीचा संबंध आहे खरा, पण तो पंचांगाशी नाही, भिंतीवरच्या स्विचशी आहे. (खंडेनवमीला यंत्रावर हळदकुंकू वाहायचंच असेल, तर निदान पंख्याच्या जाळीपासून लांब वाहा. आत गेलेली पूड धुळीबरोबर सर्किटवर बसते आणि पावसाळ्यात ओल धरते.)

विंडोजमधून ‘शट डाउन’ केलेला संगणक खरं तर बंद नसतो. कॅबिनेटमधल्या ज्या डब्याला आपण एसएमपीएस म्हणतो, त्यात दोन वेगवेगळे वीजपुरवठे असतात. मोठा पुरवठा १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो आणि बटण दाबल्यावरच जागा होतो. दुसरा छोटा, त्याला स्टँडबाय म्हणतात. तो जांभळ्या तारेतून ५ व्होल्ट देतो आणि भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत रात्रंदिवस राबत असतो. कॅबिनेटचं बटण दाबलं गेलं हे मदरबोर्डला कळतं, ते याच ५ व्होल्टच्या जिवावर. हा छोटा पुरवठा मेला की मोठा पुरवठा धडधाकट असूनही त्याला उठवणारं कुणी उरत नाही. मग तो सुटीनंतरच का मरतो?

२३० व्होल्टची घरातली वीज एकदिश केली (एसीची डीसी केली) की शिखराला सुमारे ३२५ व्होल्ट मिळतात. स्टँडबाय सर्किटमध्ये ही वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून छोट्या ट्रान्सफॉर्मरला देणारी एक नियंत्रक चिप असते. आता अडचण अशी की चिपला चालायला स्वतःला १२-१५ व्होल्ट हवेत. ते तिला ट्रान्सफॉर्मरवरच्या एका जादा वाइंडिंगमधून (तारेच्या गुंडाळीतून) मिळतात, पण ट्रान्सफॉर्मर सुरू व्हायला आधी चिप चालू हवी. ही कोंडी फोडायला एक मोठा रोध (रेझिस्टर) आणि वीज साठवणारा, आत द्रव असलेला एक छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावलेला असतो. रोधातून ३२५ व्होल्टवरून जेमतेम एखाद मिलिअँपिअर झिरपतो आणि कपॅसिटर हळूहळू भरत जातो.

उदाहरणादाखल यूसी ३८४२ ही जुनी, गाजलेली चिप घेऊ. तिचा पुरवठा १६ व्होल्टला पोहोचला की ती सुरू होते आणि १० व्होल्टच्या खाली घसरला की बंद पडते. सुरू झाल्यावर ती साधारण ११ मिलिअँपिअर खाते, म्हणजे रोध देतो त्याच्या कितीतरी पट. तेव्हा जादा वाइंडिंग हाताशी येईपर्यंतचे काही मिलिसेकंद तिला कपॅसिटरमधल्या शिलकीवरच काढावे लागतात. शिल्लक किती पुरेल याचं गणित सोपं आहे. धारकता गुणिले व्होल्टमधली घट, भागिले प्रवाह. २२ मायक्रोफॅरड गुणिले ६ व्होल्ट भागिले ११ मिलिअँपिअर, म्हणजे १२ मिलिसेकंद. आता हाच कपॅसिटर सुकून २ मायक्रोफॅरडवर आला असेल, तर हाती उरतो १.१ मिलिसेकंद. तेवढ्यात वाइंडिंगवर पुरेसा दाब तयार होत नाही, चिप बंद पडते, कपॅसिटर पुन्हा भरायला लागतो आणि हेच चक्र चालू राहतं. कान लावला तर कधी कधी आतून टिक-टिक ऐकू येते, ती हीच.

आणि हाच सुकलेला कपॅसिटर सर्किट चालू असताना फारसा त्रास देत नाही, कारण वाइंडिंग सतत भर घालत असते. विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह गळका असला तरी चालू आहे तोवर ती पाणी ओढते. एकदा लाइट गेली की पाइपातलं पाणी उतरतं आणि वरून पाणी भरल्याशिवाय मोटर उचलत नाही. तसंच हे. दोष कित्येक महिन्यांपूर्वीचा असतो, सुटीने तो फक्त उघड केला. थंडीत सकाळी सुरू न होणारा आणि दुपारी मुकाट्याने सुरू होणारा संगणकही बहुधा याच घराण्यातला, कारण कपॅसिटरमध्ये उरलेला द्रव (इलेक्ट्रोलाइट) गार असताना आणखी कमी काम करतो.

कपॅसिटर सुकतो उष्णतेने. त्यातला द्रव रबरी बुचाच्या कडेने वर्षानुवर्षं उडत असतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. ‘१०५ अंशांला २,००० तास’ असा स्वस्त कपॅसिटर गरम ट्रान्सफॉर्मरला खेटून ७५ अंशांत राहिला, तर १६,००० तास. स्टँडबाय चोवीस तास चालतो, म्हणजे दोन वर्षंही नाहीत. ६५ अंशांत ३२,००० तास, साडेतीन वर्षांच्या थोडं वर. रोज दहा तासच मेन चालू ठेवला तर हेच ३२,००० तास पावणेनऊ वर्षं पुरतात. रात्री भिंतीवरचा स्विच बंद करावा का, या वादात वीजबिलाचाच मुद्दा निघतो. माझ्या मते हा मुद्दा त्याहून वजनदार आहे.

आता तपासणी. आधी साध्या गोष्टी: एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच रेघेच्या (म्हणजे चालू) बाजूला आहे ना, आणि केबल. अनेक मॉनिटरना तशीच केबल असते, ती काढून कॅबिनेटला लावून पाहा. मग केबल काढून मिनिटभर थांबा, मधे कॅबिनेटचं बटण दाबून धरा. यात जादू नाही. संरक्षक सर्किटने एकदा कुलूप घातलं की काही वेळा वीज पूर्ण उतरल्याशिवाय ते उघडत नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर केबल पुन्हा लावून मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. मदरबोर्डवरचा २४ पिनांचा रुंद कनेक्टर जागेवरच राहू द्या आणि मागच्या बाजूने, तारेलगत टोक आत सरकवा. काळं टोक कुठल्याही काळ्या तारेला. जांभळ्या तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. शून्य असेल, किंवा आकडा सतत खाली-वर होत असेल, तर २४ पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा मोजा. तरीही तेच, तर एसएमपीएस बदला, मदरबोर्डला हात लावू नका. काढल्यावर ५ व्होल्ट आले, तर मात्र बहुधा बोर्डावर किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या यूएसबी उपकरणात शॉर्ट आहे. अनेक नव्या एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्याच असतात. तिथे लॉकची पट्टी नसलेल्या रांगेतली, १ क्रमांकाच्या पिनेपासून मोजलेली नववी पिन जांभळी समजा. काही तयार ब्रँडेड संगणकांचे कनेक्टर मात्र वेगळेच असतात, त्यांना हे रंग आणि ही मोजणी लागू नाही.

जांभळी ठीक असेल तर हिरवी, म्हणजे मोठ्या पुरवठ्याला उठवणारी तार. तिच्यावर एरवी ३ ते ५ व्होल्ट असतात. बटण दाबताच ते शून्याजवळ येऊन तिथेच राहायला हवेत. येत नसतील तर आधी बटणावर संशय घ्या. मदरबोर्डवर पॉवर स्विचची दोन पिनांची जागा असते, तिथली वायर काढून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिना क्षणभर जोडा. सुरू झाला तर दोष कॅबिनेटच्या स्वस्त बटणात आहे. संगणक सुरू होऊन दर वेळी चार सेकंदांनी बंद पडत असेल, तर बटण आतच अडकलंय. चार सेकंद दाबून धरणं म्हणजे ‘जबरदस्तीने बंद कर’ असा त्याचा अर्थ लागतो.

हिरवी शून्यावर येते, पण पंखा नुसता झटका देऊन थांबतो? मग ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, यूएसबी सगळं काढून पुन्हा करून पाहा. कुठेतरी शॉर्ट असेल तर एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. आतला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेला असतो आणि केबल काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. तोच कपॅसिटर थकला की, यूपीएस असूनही लाइट जाताच संगणक रीस्टार्ट होतो. वीज खंडित झाल्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरणं त्याच्याकडून अपेक्षित असतं आणि यूपीएसला बॅटरीवर यायला त्यातलेच काही मिलिसेकंद लागतात.

पंखे फिरतात, चित्र नाही, ही वेगळी तक्रार. सगळे व्होल्टेज जागेवर आले की १०० ते ५०० मिलिसेकंदांनी एसएमपीएस राखाडी तारेवर ५ व्होल्ट देतो, म्हणजे ‘वीज ठीक आहे’ असा निरोप. तो मिळेपर्यंत प्रोसेसर रीसेटमध्ये धरून ठेवलेला असतो. मग तो सुटतो आणि पहिली आज्ञा मेमरीच्या पत्त्यांतल्या चार गिगाबाइटच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावरून उचलतो, जिथे बायोसची (संगणक सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रामची) फ्लॅश चिप जोडलेली असते. पंख्यांना या निरोपाशी काही देणंघेणं नाही. ते १२ व्होल्ट मिळाले की फिरतात. म्हणून ‘पंखा फिरतोय, म्हणजे एसएमपीएस चांगला’ हा निष्कर्ष फसवा. राखाडी तार मोजा, आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा १२ व्होल्टचा वेगळा कनेक्टर बसलाय का ते पाहा.

मग रॅम. एकच पट्टी ठेवून सुरू करा, नंतर दुसऱ्या खाचेत. खोडरबरने पट्टीचे सोनेरी दात घासायची आपल्याकडची रीत बऱ्याचदा लागू पडते, पण श्रेय पट्टी काढून पुन्हा बसवण्याचं असतं. सोन्याचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ आहे, दर महिन्याला घासला तर खालचं निकेल उघडं पडेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा पुरे. नवी डीडीआर ५ रॅम बसवली असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. बोर्ड तेव्हा रॅमच्या वेळा जुळवत असतो. घाईने बटण दाबू नका. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार बारीक दिवे असतील, तर जो पेटून राहील तिथे गाडी अडली आहे.

कंपनीचं बोधचिन्ह दिसलं आणि विंडोज आलं नाही, तर मल्टिमीटर बाजूला ठेवा आणि बायोसमध्ये शिरून तारीख आणि डिस्कची यादी बघा. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर ३ व्होल्टची सीआर २०३२ बटण-बॅटरी बदला. तिच्याबरोबर बूटच्या सेटिंगही पुसल्या गेलेल्या असू शकतात, तसं असेल तर त्या पुन्हा लावाव्या लागतात. यादीत एसएसडीच (फायली साठवणारी डिस्क) नसेल तर तिची केबल किंवा स्क्रू तपासा. असेल, तर दोष बहुधा फायलींमध्ये आहे, आणि दुरुस्तीचा कुठलाही प्रयोग करण्याआधी ती एसएसडी दुसऱ्या संगणकाला जोडून कामाच्या फायली उतरवून घ्या.