माहितीपत्रक, गृहप्रकल्पाचे

बांधकाम व्यावसायिक आपला प्रकल्प संभाव्य ग्राहकांपुढे मांडण्यासाठी छापतो ती घडीपत्रिका किंवा पुस्तिका. विक्री कार्यालयात किंवा मालमत्ता प्रदर्शनात ती हाती पडते, पण घर घेण्याचा विचार पक्का होतो तो बहुधा घरच्यांनी मिळून ती चाळताना. त्या वेळी समजावून सांगायला विक्रेता जवळ नसतो.

मुखपृष्ठावरचे इमारतीचे संगणकीय चित्र लक्ष वेधते, मात्र ग्राहक रेंगाळतो सदनिकेच्या आराखड्यावर. ओटा कोणत्या भिंतीला, पलंग टाकल्यावर कपाटाचे दार उघडेल का, देवघराला जागा कुठे, हे तो बोट फिरवून पाहतो. म्हणून आराखड्याला पूर्ण पान द्यावे. खोल्यांची मापे, दारे-खिडक्या आणि उत्तर दिशा स्पष्ट दाखवावी. कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्रफळ, चौरस मीटर व चौरस फूट अशा दोन्ही मापांत असावे (५० चौ. मी. म्हणजे सुमारे ५३८ चौ. फूट). स्थावर संपदा कायद्याच्या व्याख्येनुसार त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. बाल्कनीचे माप वेगळे लिहिलेले पत्रक अधिक विश्वासाचे वाटते.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ (रेरा) मुळे या पत्रकाला कायदेशीर वजन आले. कलम ११ प्रमाणे त्यावर राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे संकेतस्थळ व प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक ठळकपणे द्यावा लागतो. पत्रकातील चुकीच्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरलेल्याचे नुकसान झाल्यास कलम १२ नुसार भरपाई द्यावी लागते; ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास रक्कम व्याजासह परत मिळते. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तेव्हा जलतरण तलाव पुढच्या टप्प्यात होणार असेल, तर तसे त्या चित्राखालीच लिहावे. शेवटच्या पानावरच्या बारीक टिपेत ते दडवणे ग्राहकावर अन्याय करणारे आहे.

मराठी मजकुराच्या ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. फॉन्ट बदलताना जोडाक्षरे फुटतात, म्हणून अंतिम प्रूफ कागदावर काढून वाचावे. ए४ कागदाच्या दोन घड्या घालून तीन भाग केलेल्या पत्रकात आत दुमडणारा भाग इतर दोन भागांपेक्षा एक-दोन मिलिमीटर अरुंद ठेवतात. जाड आर्ट पेपरला घडीपूर्वी क्रीझिंग (घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडणे) केले नाही, तर घडीवर शाई तडकते आणि नेमका तिथे आलेला आराखडा वाचता येत नाही.