कापडी पिशवी आपोआप पर्यावरणस्नेही ठरत नाही

प्लॅस्टिकची पिशवी नाकारून कापडी घेतली की पर्यावरणाप्रती आपले काम झाले, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिशव्यांचा कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा प्रवास तपासला गेला. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा तापमानवाढीतील वाटा कमी राहावा, यासाठी कागदी पिशवी ३ वेळा, तर सुती पिशवी तब्बल १३१ वेळा वापरावी लागते, असे त्यात आढळले. आठवड्यातून एकदा वापरली, तर ही अडीच वर्षे होतात. कापसाला लागणारे पाणी व खते, सूतकताई, विणकाम आणि पिशवीचे जास्त वजन ही त्यामागची कारणे आहेत.

यावरून प्लॅस्टिक निर्दोष ठरत नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. हा आकडा केवळ तापमानवाढीचा आहे. नद्यांत, समुद्रात आणि जनावरांच्या पोटात जाणारे प्लॅस्टिक त्यात मोजलेले नाही.

खरी गफलत होते ती दाराआडच्या खुंटीवर दहा कोऱ्या पिशव्या लटकत असताना कार्यक्रमात भेट मिळालेली अकरावी घरी आणण्यात. ती नम्रपणे नाकारावी. बंद उसवला तर चार टाके घालावेत, आणि नवी पिशवी हवीच असेल तर जुन्या चादरीची शिवावी, कारण तिच्यासाठी नव्याने कापूस पिकवावा लागत नाही.