काउआईचे पक्षी आणि मुद्दाम सोडलेले डास

हवाई बेटांवर डास मुळात नव्हते. १८२६च्या सुमारास जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून ते माउईवर उतरले. आपल्याकडे हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स तो हाच. पुढे पक्ष्यांच्या हिवतापाचा परजीवीही बाहेरून आला आणि हनीक्रीपर हे स्थानिक छोटे रानपक्षी थंड माथ्यांवरच्या पर्जन्यवनांपुरते उरले. तापमान साधारण १३ अंशांखाली गेलं की डासाच्या पोटात हा परजीवी वाढत नाही. त्या थंडीवरच हे पक्षी तगले. हवाईतल्या काउआई बेटाचं सर्वोच्च शिखर मात्र १,६०० मीटरही भरत नाही. हवा तापली तसे डास अलाकाई पठारावर पोचले, आणि पक्ष्यांना त्याहून वर जायला जागाच नव्हती. २०१८ साली साडेचारशेच्या आसपास असलेले आकिकिकी (काउआईवरचे हनीक्रीपर) २०२३ मध्ये रानात पाचच उरले.

पकडून वाढवायचे की रानातच राखायचे, हा वाद माउईवरच्या पोओउली या हनीक्रीपरच्या बाबतीत फार लांबला. अखेर २००४ मध्ये एक पक्षी हाती लागला, तो नोव्हेंबरात जोडीदाराविना मेला. म्हणून आकिकिकीची अंडी २०१५ पासूनच काढली गेली. घरटी ओहिया या झाडाच्या बारीक फांद्यांवर असतात, तिथे माणूस चढू शकत नाही. त्यासाठी सुमारे १२ मीटरच्या शिड्या रानात न्याव्या लागल्या.

खरा वाद पेटला तो डासांची पैदास रोखण्यासाठी रानात मुद्दाम नर डास सोडण्यावर. ‘जनुकं बदललेले डास’ हा आक्षेप चुकीचा आहे. या नरांच्या शरीरात वोल्बाकिया जिवाणूचा स्थानिक डासांत नसलेला प्रकार असतो. त्यांच्याशी संग झालेल्या रानातल्या मादीची अंडी उबत नाहीत. नर चावतही नाहीत. दुर्गम ओढ्यांतल्या प्रत्येक डबक्यावर फवारणी अशक्य, शिवाय तिने स्थानिक कीटकही मरतात. खरी जोखीम वेगळीच: नर-मादी वेगळे करण्याच्या छाननीतून त्याच जिवाणूच्या माद्या निसटल्या तर त्यांचा या नरांशी संग फळतो, नवा वाण रुजतो आणि पुढे सोडलेले नर वाया जातात. सोडणं थांबलं की डासही पुन्हा वाढतात. म्हणून हेलिकॉप्टरमधून, अलीकडे ड्रोनमधूनही, हजारेक नर भरलेल्या, कुजून जाणाऱ्या डब्या सतत टाकाव्या लागतात.

माउईवर हे काम २०२३च्या अखेरीस सुरू झालं, काउआईवर २०२४ मध्ये. रानातल्या आकिकिकीसाठी तोवर फार उशीर झाला होता. काउआईवरची सध्याची धडपड आकेकेए आणि पुआइओही या तिथल्या पक्ष्यांसाठी आहे.