मोफत आरोग्य शिबिर (गोवा)

डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, चष्म्याचा नंबर काढणारे वगैरे मंडळी रविवारची सुट्टी मोडून एखाद्या गावात किंवा वस्तीत जातात आणि फी न घेता लोकांना तपासतात ते मोफत आरोग्य शिबिर, बोलताना सगळे नुसतं कॅम्प म्हणतात. देवळाचा मंडप, पंचायतीचा हॉल, शाळा, जिथे सावली आणि चार टेबलं मिळतील तिथे भरतो.

आता गोव्यात हॉस्पिटलं नाहीत असं काही नाही. पोर्तुगीजांनी १८४२ मध्येच पणजीत एस्कोला मेदिको ही वैद्यकीय शाळा काढली, १९६३ ला तिचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, ते आता बांबोळीला आहे. शिवाय म्हापशाला आझिलो, मडगावला हॉस्पिसियो. अडचण पोचण्याची. सत्तरी किंवा काणकोण तालुक्याच्या आतल्या वाड्यावरून बांबोळी म्हणजे बस बदलत जाणं आणि दिवसाची मजुरी बुडणं, त्यामुळे बीपी, शुगर असलेला माणूस चक्कर येऊन पडेपर्यंत जातच नाही. कॅम्पात तो सापडतो. पण गोळ्या मिळतात थोड्या दिवसांच्या आणि हे आजार तर जन्मभराचे, म्हणून नावं लिहून घेऊन जवळच्या आरोग्य केंद्राला कळवलं नाही तर तो कॅम्प फोटोपुरताच. मोतीबिंदूचंही तेच, कॅम्पात फक्त डोळे तपासायचे, ऑपरेशन हॉस्पिटलातच.

स्थानिक आजार माहीत असलेला डॉक्टर इथे उपयोगी पडतो. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात माकडताप निघाला, तो गोचिडीमुळे होतो, तेव्हा काजूच्या हंगामात कोणी ताप घेऊन आला की आधी बागायतीत, रानात गेला होतात का ते विचारायला हवं.

फुकट तपासलं म्हणून नियम सुटत नाहीत, मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागतेच. सगळ्यांना पूर्ण मोफत दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलंय खरं, पण निष्काळजीपणाचा दावा दिवाणी कोर्टात होऊ शकतो.

इलेक्शन जवळ आलं की चष्मे वाटणारे कॅम्प अचानक वाढतात, तेही मतदार असतील तिथेच. खरी गरज बहुतेक परप्रांतीय कामगारांना आहे. २०१६ च्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या सरकारी आरोग्य विमा योजनेला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं आणि २०१८ पासून गोवा मेडिकल कॉलेजात बिगरगोमंतकीयांना पैसे पडतात. २०२४ मध्ये मासेमारीच्या कुटबण जेटीवर ट्रॉलरच्या कामगारांत कॉलरा पसरला, माणसं दगावली. अशा ठिकाणी रविवार सकाळचा कॅम्प उपयोगाचा नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या काळात बरेच जण आपापल्या गावी जातात, म्हणून कॅम्प ठेवायचा तर ऑगस्टपासून पुढे, ट्रॉलर जेटीला लागलेले असताना, आणि सोबत ओडिया किंवा हिंदी नीट बोलणारं कोणीतरी पाहिजेच.