पतंगाच्या डोळ्यावरून घेतलेली फिल्म: बसवण्याआधी एवढं वाचा

काचेच्या कपाटात एखादी काळसर मूर्ती ठेवली की मूर्तीच्या आधी आपलाच चेहरा दिसतो. तशी काच एका बाजूने जेमतेम 4 टक्के प्रकाश परत फेकते, दोन्ही बाजूंनी मिळून 8 टक्के. आकडा किरकोळ वाटेल. पण काळ्या वस्तूकडून आपल्यापर्यंत येणारा प्रकाशही साधारण तेवढाच असतो, म्हणून ती काचेवरच्या चमकीत झाकोळून जाते. ही चमक कमी करण्यासाठी काचेवर लावायची ती आमची फिल्म.

हवेचा अपवर्तनांक (प्रकाशाचा वेग त्यात किती मंदावतो याचं माप) 1, काचेचा सुमारे 1.5. ही पायरी एकदम चढावी लागते, आणि तिथेच थोडा प्रकाश माघारी फिरतो. रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगाच्या डोळ्यात या पायरीचा उतार झालेला आहे. त्याच्या डोळ्यातल्या प्रत्येक बारीक भिंगावर शंकूसारखी टेंगळं दाटीवाटीने उभी असतात, एकमेकांपासून साधारण 200 नॅनोमीटरवर. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर, त्यामुळे इतकी बारीक टेंगळं प्रकाशाला सुटी जाणवतच नाहीत. टोकाशी हवा जास्त, बुडाशी डोळ्याचं द्रव्य जास्त, आणि प्रकाश अलगद आत उतरतो. पतंगाला अंधारात जास्त उजेड मिळतो, शिवाय डोळे चकाकत नसल्याने तो शिकाऱ्याच्या नजरेतूनही वाचतो. 1973 मध्ये ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या क्लॅपम आणि हटली यांनी हीच युक्ती भिंगावर करून दाखवली. आमच्या फिल्मवर तशीच टेंगळं साच्याने उठवलेली आहेत.

चष्म्याच्या काचेवरचं नेहमीचं कोटिंग ठरावीक तरंगलांबीला सर्वांत चांगलं काम करतं, म्हणून त्यावर जांभळट किंवा हिरवट झाक राहते. या फिल्मवर ती फारच कमी दिसते, आणि तिरकं पाहिलं तरी गुण बराच टिकतो.

आता काळजीची गोष्ट. अर्ध्या भागावर फिल्म लावलेली नमुन्याची काच ट्यूबलाइटखाली धरा: कोऱ्या अर्ध्या भागात नळी लख्ख पांढरी दिसेल, फिल्मच्या कडेशी येऊन ती विझल्यासारखी होईल. आता त्या भागावर बोट टेकवा. बोटाच्या ठशाएवढ्या जागेत नळी पुन्हा चमकेल. त्वचेचं तेल टेंगळांच्या मधल्या फटींत भरतं. तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा, म्हणजे पृष्ठभाग पुन्हा सपाट झाल्यासारखाच. पाण्याचा थेंब सुकला की गुण परत येतो, तेल मात्र आपोआप जात नाही. म्हणून टचस्क्रीनसाठी ही फिल्म आम्ही देत नाही, कोणी आग्रह केला तरी. प्रदर्शनाची कपाटं, तसबिरी, मोजमापाच्या यंत्रांच्या तबकड्या अशा हात न लागणाऱ्या काचांना ती शोभते.

ठसा पडलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेलं मायक्रोफायबरचं कापड हलकेच टेकवून टिपा. दाबून घासलं तर टेंगळं मोडतात, आणि मोडलेली टेंगळं आम्हालाही दुरुस्त करता येत नाहीत.

ऑर्डर देताना काचेच्या दोन्ही बाजूंची मापं कळवा. एकाच बाजूला फिल्म लावली तर मागच्या बाजूचे 4 टक्के तसेच राहतात, आणि बहुतेक तक्रारी आमच्याकडे येतात त्या यामुळेच.