पेशीतला न झडणारा कचरा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात गेलात तर मागाच्या सांगाड्याकडे वाकून बघा. सुटा कापूस पाळी संपताना झाडला की निघतो. तोच कापूस वंगणात भिजून खाचेत बसला, की त्याचा काळा, चिवट थर होतो आणि झाडूला दाद देत नाही. माग मात्र चालत राहतो, चादरी निघत राहतात. वय झालेल्या पेशीतही असा थर साचतो, पिवळसर तपकिरी रंगाचा. त्याचं नाव लिपोफ्युसिन.

पेशीचा कचरा लायसोसोम नावाच्या पिशव्यांत पचतो. आत पीएच ४.५ ते ५ इतकं आम्ल आणि साठेक प्रकारची विकरं, म्हणजे पचवणारी एन्झाइम्स, असतात. पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया जुनी झाली की इथे येऊन सुटी होतात, आणि त्यांच्यातलं लोह मागे राहतं. गोची इथेच आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड आत झिरपून या लोहाला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे आक्रमक कण तयार होतात. ते प्रथिनं आणि मेद यांना एकमेकांत असे गुंफतात, की विकरांना तो गुंता सोडवता येत नाही. विभागणाऱ्या पेशीत हा माल दोन लेक-पेशींत वाटला जातो. हृदयाचे स्नायू आणि चेतापेशी विभागतच नाहीत म्हटलं तरी चालेल, म्हणून तिथे तो साचत जातो.

रोजच्या कामात याचा फारसा पत्ता लागत नाही. ताण आला की लागतो. उपासमारीत पेशी स्वतःचेच जुने भाग पचवून तग धरते. याला ऑटोफॅजी म्हणतात. पण विकरांचा मोठा वाटा न पचणाऱ्या गोळ्यांवर वाया जात असेल, तर नव्या कामाला उरणार किती? माणसाच्या त्वचेतल्या पेशी जास्त ऑक्सिजनमध्ये वाढवून लिपोफ्युसिनने भरल्या आणि मग अमिनो आम्लांचा पुरवठा तोडला, तेव्हा त्या लवकर मेल्या. पेरॉक्साइडचा मारा झाला तर आणखी वाईट. लोहाने भरलेली पिशवी फुटते, कॅथेप्सिन हे आतलं विकर बाहेर सांडतं. गळती थोडी असेल तर पेशी रीतसर आत्मनाश करते, मोठी असेल तर सरळ फुटून मरते. लोह पकडून ठेवणारं डेस्फेरिऑक्सामाइन आधी दिलं तर पेशी वाचतात. म्हणजे ठिणगी लोहाचीच.

मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की घरातले आजी-आजोबा आधी कोमेजतात, ते मुख्यतः घाम आणि तहान कमी झाल्यामुळे; त्याचं खापर लिपोफ्युसिनवर फोडू नये. हा थर साफ करणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही, ‘डिटॉक्स’च्या बाटल्या काहीही म्हणोत.

ऊतीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघताना या थरामुळे होणारी एक फसगत टाळावी लागते. अतिनील किंवा निळ्या प्रकाशात लिपोफ्युसिन स्वतःच पिवळं-नारिंगी चमकतं, आणि एखादं प्रथिन शोधायला चमकणारा रंग जोडलेली अँटिबॉडी वापरली असेल, तर लिपोफ्युसिनची चमकच तिची खूण समजून माणूस हुरळतो. अँटिबॉडीचं काम झाल्यावर ७० टक्के अल्कोहोलमधलं ०.१ टक्का सुदान ब्लॅक बी हा काळा रंग कापावर दहा-वीस मिनिटं ठेवतात, म्हणजे लिपोफ्युसिनची चमक झाकली जाते. जास्त वेळ ठेवलं तर खरी खूणही विझते, आणि नंतर डिटर्जंटने धुतलं तर सुदानच निघून जातं. शिवाय एक काप कोणताही रंग न लावता ठेवायचा. तोही चमकला, तर ती चमक अँटिबॉडीची नव्हे.