आंबेहळद

(सं. आम्रगंधी हरिद्रा, कर्पूरहरिद्रा, हिं. आमा हल्दी, बं. आमआदा, गु. आंबाहळदर, क. माविनशुंठी, ते. मामिडि अल्लम, त. मांगाय इंजी, लॅ. कुर्कुमा अमाडा, कुल – झिंजिबरेसी). आल्याच्या कुलातील, हळदीच्याच प्रजातीतील ओषधीय वनस्पती आणि तिचा कंद. मुका मार, मुरगळ व सूज यांवर लेप म्हणून आणि उटण्यातील घटक म्हणून महाराष्ट्रात हा कंद घरोघर परिचित आहे. मात्र बाजारात ‘आंबेहळद’ म्हणून मिळणारी वाळलेली काचरी दर वेळी ह्याच वनस्पतीची असते असे नाही.

झाड साधारण मीटरभर वाढते आणि दुरून साध्या हळदीसारखेच दिसते. फरक कंदात आहे. ताजा गड्डा मोडला की आत पांढुरका, फिकट पिवळसर गर दिसतो आणि कच्च्या कैरीचा दरवळ येतो. ह्या वासाचे श्रेय मुख्यतः कॅरीन व ऑसिमीन ह्या टर्पीन द्रव्यांना दिले जाते. साध्या हळदीला रंग देणारे कुर्कुमीन हिच्यात फारच थोडे असते. साधी हळद (कुर्कुमा लाँगा) त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली), 63 गुणसूत्रांची व वंध्य आहे; आंबेहळदीत ती 42 असतात. लागवड दोन्हींची गड्ड्यांनीच होते.

नावाचा प्रश्न : वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी 1810 मध्ये जातीला ‘अमाडा’ हे नाव दिले ते सरळ बंगाली ‘आमआदा’वरून, म्हणजे ‘आंब्याचे आले’. त्यामुळे बंगालीत नाव व वनस्पती यांची गाठ पक्की आहे. मराठीत ती सैल आहे. जुन्या औषधिसंग्रहांत ‘आंबेहळद’ हे नाव कुर्कुमा अरोमॅटिका ह्या वेगळ्या जातीसमोरही मांडलेले आढळते. ह्या जातीचे वर्णन सॉल्झबरी यांनी 1807 मध्ये केले होते. तिच्या पानाची खालची बाजू मखमलीसारखी लवदार, तर कु. अमाडाची गुळगुळीत असते. तिच्या कंदाचा वास कापरासारखा असून त्यात कैरीचा लवलेशही नसतो. शेतात किंवा ताज्या गड्ड्यावर दोन्ही जाती सहज वेगळ्या ओळखता येतात. चकत्या करून वाळवल्यावर कैरीचा वास बराचसा उडतो, आणि घोटाळ्याला वाव मिळतो तो इथेच.

संस्कृत निघंटूंत (औषधिकोशांत) दोन्ही वेगळ्याच मानल्या होत्या. सामान्यतः सोळाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या भावप्रकाशात हरिद्रा, आम्रगंधी हरिद्रा, वनहरिद्रा (रानहळद, कु. अरोमॅटिका) व दारुहरिद्रा अशी क्रमाने चार वर्णने येतात. पैकी आम्रगंधी ही शीत, वातल (वात वाढवणारी), पित्तहारक व ‘सर्वकण्डूविनाशिनी’, म्हणजे सर्व प्रकारची खाज घालवणारी सांगितली आहे. वनहरिद्रेच्या वाट्याला कुष्ठ व वातरक्त ह्या रोगांवरील उपयोग आला आहे. अडचण आहे ती आम्रगंधेच्या पर्यायांत ‘दार्वीभेद’ हा शब्द येतो त्याची. दार्वी म्हणजे दारुहळद; ती काटेरी झुडपाचे पिवळे लाकूड असून तिचा ह्या कुलाशी काहीही संबंध नाही. काही अभ्यासक ह्यावरून आम्रगंधा हे मुळात एखाद्या सुगंधी लाकडाचे नाव असावे असे सुचवतात. दुसऱ्या मताप्रमाणे येथे ‘भेद’ म्हणजे केवळ पिवळ्या द्रव्यांच्या गटातील आणखी एक प्रकार. ग्रंथातील क्रम पाहता दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. वास आंब्याचा आणि नाव हरिद्रेचे, एवढे जुळत असताना लाकूड शोधत बसण्याची गरज दिसत नाही.

भाषांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. बंगाली, तेलुगू, तमिळ व कानडी ह्या भाषांत हा कंद ‘आले’ किंवा ‘सुंठ’ आहे आणि तिथे तो प्रामुख्याने खाल्ला जातो : लोणचे, चटणी, पचडी. मराठीत तो ‘हळद’ आहे आणि मुख्यतः अंगाला लावला जातो. जीभ वासाची चूक लगेच पकडते, कातडी पकडत नाही. खाण्याच्या भाषांत नाव स्थिर राहिले आणि लावण्याच्या भाषेत ते घसरले, ह्याचे हे एक संभाव्य कारण मानता येईल. कानडी मुलखाला लागून असलेल्या मिरज भागात दोन्ही रीती शेजारी नांदतात : थंडीत ताज्या आंबेहळदीच्या बारीक चकत्या लिंबूरस, मीठ व मिरचीत घालून केलेले लोणचे, आणि त्याच घरात फडताळात ठेवलेला लेपासाठीचा वाळका तुकडा.

सांगली-सातारा : सांगली ही हळदीची जुनी पेठ आहे. मार्केट यार्डातील सौद्यांत हळकुंड, जेठा गड्डा, बगल गड्डा, सोरा गड्डा असे प्रकार बोलले जातात. कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूरची जमिनीखालची पेवे हळद साठवण्यासाठी प्रसिद्ध होती. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. कसबे डिग्रज येथील हळद संशोधन योजनेतून ‘फुले स्वरूपा’सारखे वाण आले. हे सारे साध्या हळदीचे आहे. आंबेहळद ह्या पट्ट्यात परसात किंवा हळदीच्या रानाच्या कडेला लावतात. पाने वाळू लागली की पौष-माघात ती काढतात. साध्या हळदीप्रमाणे ती शिजवून पॉलिश करण्याचा खटाटोप नसतो. ताजीच विकतात, नाहीतर चकत्या करून वाळवतात.

सातारच्या डोंगरात नावाचा गुंता वाढतो. कास, महाबळेश्वर परिसरात पावसाळ्यात फुलणारी रानहळद बहुधा कुर्कुमा स्यूडोमोंटाना असते. जॉन ग्रॅहम यांनी 1839 मध्ये मुंबई इलाख्यातील वनस्पतींच्या यादीत तिला हे नाव दिले. कणसाच्या शेंड्याची जांभळट-गुलाबी छदे (फुलांलगतची पानांसारखी आवरणे) ही तिची ओळख. ग्रंथांतील ‘रानहळद’ (कु. अरोमॅटिका) ती नव्हे. त्याच पठारांवरील चवर (हिचेनिया कॉलिना) आणखी निराळी. डोंगरातून खणून आणलेला कोणताही पिवळा गड्डा आंबेहळद म्हणून खपवणे म्हणूनच दुहेरी चुकीचे : औषध भलतेच होते आणि प्रदेशनिष्ठ वनस्पती उखडली जाते.

उपयोग : कंद सहाणेवर पाण्यात उगाळतात, गंध पळीत कोमट करून सुजेवर जाडसर लावतात व वाळू देतात. जोडीला तुरटी, रक्तचंदन किंवा बोळ (एक औषधी डिंक) घालण्याची पद्धत आहे. कातडी फुटली असेल तेथे लेप लावत नाहीत. निघंटूत सांगितलेली खाज मागे पडून मुका मार पुढे कसा आला, ह्याचे उत्तर कदाचित पुन्हा नावाच्या सरमिसळीतच असावे. कंदाच्या अर्काने सूज उतरल्याचे पांढऱ्या उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

उटण्यात आंबेहळदीला पसंती मिळते ती कुर्कुमीन कमी असल्याने अंग पिवळे होत नाही म्हणून. नागरमोथा, वाळा, कचोरा, गव्हला ही तिची नेहमीची सोबत. सौंदर्यप्रसाधनांतील ‘कस्तुरी हळद’ हे कु. अरोमॅटिकाचे दाक्षिणात्य नाव (त. व मल. कस्तुरी मंजळ) असून आंबेहळदीचा पर्याय नव्हे. अस्सल कस्तुरी हळदीची पूड फिकट, मलईच्या रंगाची असते. गर्द पिवळी पूड बहुधा दुसऱ्याच जातीची. साध्या हळदीची भेसळ चुन्याच्या निवळीने ओळखता येते : चिमूटभर पूड निवळीत कालवल्यावर कुंकवासारखी लाल झाली तर तीत साधी हळद आहे. आंबेहळदीची लाली फिकीच राहते. कु. अरोमॅटिकातही कुर्कुमीन थोडेच असल्याने तिची भेसळ मात्र ह्या परीक्षेतून सुटते. त्यासाठी ताजा गड्डा मोडून वास घ्यावा लागतो.